पानावर आहे तेवढंच, हमिदा

हमिदा, तुला शेवटचं पान वाचून दाखवायचं राहिलं, म्हणून हे लिहायला बसले आहे. दुसरं काही मोठं कारण नाही.

तुझ्यावर श्रद्धांजलीचा लेख हवा म्हणून साप्ताहिकवाल्यांचा फोन आला होता. त्यांना तुझा जन्म कुठला, शिक्षण किती, नोकरी कुठे, पुरस्कार कोणते, असं सगळं हवं होतं. मी म्हटलं, पुरस्कार एकही नाही, पण तिच्यापायी माझा बी.ए.चा एक पेपर बुडाला, हे छापाल का?  पलीकडचे गृहस्थ म्हणाले, आजी, तुम्हाला जमेल तसं लिहा. मला जमतं ते हे असं, तुझ्याशी बोलत. तुझ्याबद्दल बोलायला लागले की माझा आवाज शोकसभेतल्या पाहुण्यासारखा होतो, आणि तू पहिल्या रांगेत बसून डोळे मोठे करतेयस असं वाटत राहतं.

वसतिगृहातली ती मालती तुला आठवते का? मला आठवते आणि लाज वाटण्याऐवजी हसूच येतं. काय ध्यान होतं ते! आडवलीसारख्या गावातून, भातशेतीच्या आणि काजूच्या घरातून मालवणात आली होती, पण चालायची अशी, की जणू हिच्या बापाची इंग्लंडात चार घरं आहेत. उन्हाळ्यात मालवणच्या बंदरावर खांद्यावर शाल घेऊन फिरायला जाणारी जगातली एकमेव मुलगी मी असेन. कारण काय, तर अभ्यासाच्या कादंबरीतली नायिका संध्याकाळी शाल घेऊन समुद्रावर जात असे. तिच्या समुद्रावर बर्फासारखा वारा होता. माझ्या समुद्रावर सुके बांगडे वाळत होते. मानेवर घामोळं उठलं तेव्हा तूच पावडर लावून दिलीस आणि विचारलंस, "मालू, इंग्लंडात घामोळां येता काय गो?"

त्या कादंबरीचं खरं नाव आपण कधी घेतलंच नाही. ती 'शालीची कादंबरी'. उशीएवढी जाड. थंड किनाऱ्यावरचं मोठं घर, पूर्वेकडे व्यापाराची जहाजं धाडणारा कप्तान, त्याची वाट बघणारी देखणी बायको, आणि त्याने तिच्यासाठी पाठवलेली काश्मिरी शाल. मी त्यातलं दिवाणखान्याचं वर्णन, झग्यांचं वर्णन आणि जिथे जिथे कुणी कुणाचा हात धरतं ती पानं, एवढंच वाचलं होतं. बाकीची कादंबरी मी काखेत धरून वागवत असे. काखेत धरलेल्या पुस्तकावरून आपण विद्वान दिसतो, असा माझा पक्का समज होता.

परीक्षा जवळ आली तेव्हा तुझ्यामागे लागले, हमिदा, गोष्ट सांग गो. आपण वसतिगृहाच्या मागच्या पायरीवर बसलो होतो. पुढ्यात फणसाच्या उकडलेल्या आठळ्या होत्या. तू सोलत होतीस, मी खात होते, ही आपली वाटणी शेवटपर्यंत तशीच राहिली. आणि तू गोष्ट सांगितलीस. बाई गं, काय सांगितलीस! ती शाल ज्या पेटीतून येते, ती पेटी एक काळासावळा खलाशी जहाजावरून खांद्यावर घेऊन येतो. घरात आणून ठेवतो. खोकतो. तू सांगितलंस, कप्तानाने विम्याच्या पैशासाठी आपलं एक जहाज मुद्दाम बुडवलेलं असतं आणि ते या खलाशाने पाहिलेलं असतं. तो गावातच राहतो, भाषा शिकतो, कोर्टात उभा राहून सगळं सांगतो. कप्तान तुरुंगात जातो. आणि शेवटच्या प्रकरणात त्या देखण्या बाईला त्या खलाशाला दिवाणखान्यात बोलवावं लागतं, खुर्ची द्यावी लागते, आपल्या हाताने चहा ओतून द्यावा लागतो. ऐकताना माझ्या अंगावर काटा आला होता.

मी ते सगळं पेपरात लिहिलं. इंग्रजीत, झोकात. खुर्चीच्या प्रसंगावर तर मी एक आख्खी पुरवणी खर्च केली. 'लेखकाच्या समतावादी दृष्टीचा हा परमोच्च बिंदू होय' असंही काहीतरी ठोकून दिलं.

आपल्या सरांनी मला बोलावून घेतलं. कॉलेजचीच पूर्वपरीक्षा होती म्हणून वाचले. सर मोठे सभ्य. म्हणाले, मालतीबाई, तुमच्या उत्तरातली कादंबरी मला वाचायला फार आवडली असती, पण दुर्दैवाने ती अजून कुणी लिहिलेली नाही. खऱ्या कादंबरीत तो खलाशी पेटी ठेवतो, खोकतो आणि मागच्या दाराने निघून जातो. एकच वाक्य. पुन्हा त्याचं नावही निघत नाही. नाव नव्हतंच म्हणा. कप्तान सुखरूप परत येतो, शाल छान दिसते, आणि दोघं समुद्राकडे बघत उभी राहतात.

आणि तुझ्या स्वतःच्या पेपरात काय होतं? सगळं अगदी पुस्तकात आहे तसं! तुला चांगले मार्क! मी खोलीवर येऊन तुझ्या अंगावर ती उशी, म्हणजे कादंबरी, फेकली. तू ती झेललीस, पान नीट केलंस आणि म्हणालीस, "तू गोष्ट सांग म्हणालंस. बुकात काय आसा तां खंय विचारलंस?"

मी तुझ्याशी बोलणं टाकलं. पण जेवणात माशाचं कालवण आलं की माझा निश्चय वितळायचा, कारण काटे काढून द्यायला तूच लागायचीस. माझा राग किती टिकला हे म्हणूनच सांगण्यात अर्थ नाही.

त्या सुट्टीत तू मला विजयदुर्गला तुझ्या घरी नेलंस. तुला मला काहीतरी दाखवायचं होतं. तू तसं बोलली नाहीस, पण मला आता तसं वाटतं. तुझी आजी पडवीत बसलेली होती, पांढरी ओढणी, हातात तसबीची माळ, डोळे खाडीकडे. तुझा आजा आगबोटीवर खलाशी होता. एका सफरीला गेला तो आलाच नाही. मेल्याची खबर नाही, पैसे नाहीत, काही नाही. बंदरातला कुणीही आगबोटीवरून परत आला की आजीला भेटायला यायचा, आणि काहीतरी सांगायचा. एक म्हणाला, लंडनच्या गोदीत दिसला होता, अंगावर कोट होता. दुसरा म्हणाला, आफ्रिकेत दुकान घातलंय, बस्तान बसलं की बोलावणार. तिसऱ्याने तर त्याला मक्केला पाहिला होता. आजी प्रत्येकाला जेवू घालायची. खोटं बोलणारी ती सगळी भली माणसं होती, आपल्यापरीने तिला दिलासा देत होती. तू अशा कितीतरी आजोबांची नात म्हणून वाढलीस, एक कोटवाला, एक दुकानवाला, एक हाजी.

त्या दुपारी आजीने माझ्या काखेतलं पुस्तक पाहिलं. मी ते तिथेही नेलं होतं, अर्थातच. तिने विचारलं, "चेडवा, ह्या बुकात आगबोट आसा?" मी म्हटलं, आहे, शिडाची आहे पण आहे. "खलाशी आसत?" मी तोंड उघडायच्या आत तू बोललीस.

"आसा येक. पेटी घेवन येता."

"मगे?"

 मी तुझ्याकडे बघत होते. मग तू सांगितलंस, "मगे तेका खुर्ची देतत. बस म्हणतत. च्या देतत."

आजीने बराच वेळ तसबीचे मणी ओढले. "बुकात तशां आसा?"

"आसा."

"खोटां सांगतंस," आजी म्हणाली. "पण बरां सांगतंस." आणि आत जाऊन तिने माझ्यासाठी फणसाची सांदणं आणली.

तेव्हा मला कळलं की माझा पेपर कशापायी बुडाला. पण मी ते तुला बोलून दाखवलं नाही. तेव्हाच्या मालतीला असं काही बोलता यायचं नाही. तिला फक्त 'हाऊ सॅड' म्हणता यायचं, आणि तेसुद्धा ती म्हणाली. माझ्या तोंडचे ते शब्द ऐकून तू ज्या नजरेने पाहिलंस ती नजर मी पुढे माझ्या वर्गातल्या आगाऊ मुलींवर पुष्कळ वापरली.

मग आपण दोघी मास्तरणी झालो. तू देवगडकडे, मी कणकवलीकडे. लग्नं झाली, पोरं झाली, गुडघे दुखायला लागले. आणि आपलं भांडण चालूच राहिलं. तू मुंबईला भावाकडे गेली होतीस, तिथल्या फुटपाथवरून एक इंग्रजी कादंबरी घेऊन आलीस आणि एस.टी. स्टँडवर माझ्या हातात कोंबलीस. कुणा परदेशी लेखिकेने एक जुनी, नावाजलेली कादंबरी घेऊन तिच्यातल्या मोलकरणीच्या तोंडून ती सगळी पुन्हा सांगितली होती. तुझा चेहरा तेव्हा असा होता, की कुणीतरी तुझी चोरी छापून तिला पुठ्ठ्याची बांधणी केली आहे. म्हणालीस, बघ, ह्यांना कुणी नापास केलं नाही.

पुढे तशी पुस्तकं येतच गेली. कुणी खलनायकाच्या आईला बोलतं केलं, कुणी गोष्ट शेवटाकडून सुरुवातीकडे नेली, कुणी एकाच गोष्टीला दोन शेवट जोडून वाचकाला म्हटलं, घे त्यातला हवा तो. एकात तर लेखक स्वतःच मध्ये येऊन पात्राशी हुज्जत घालायला लागला. माझी नात सई मुंबईला इंग्रजी शिकायला लागली तेव्हा तिने आपल्याला सांगितलं, आजी, ह्याला उत्तर-आधुनिक म्हणतात. तू विचारलंस, म्हणजे आधुनिक होऊन झाल्यावर करायचं काम का? सई म्हणाली, साधारण तसंच. तू म्हणालीस, मग आमच्या दशावतारी लोकांना काय म्हणतात? त्यांच्याकडे लिहिलेलं नाटकच नसतं. रंग लावता लावता आख्यान काय ते ठरवतात, आणि भाषण ज्याचं त्याने उभ्या उभ्या रचायचं. राजा तोच, पण आचऱ्याला एक बोलतो नि वेंगुर्ल्याला दुसरंच बोलतो. सई वहीत लिहून घ्यायला लागली. तू तिला थांबवून म्हणालीस, नको लिहू, मी उद्या वेगळं बोलेन.

मी मात्र जुन्या घराची राखणदार. माझं म्हणणं, मेलेल्या माणसाने जीव ओतून एक घर बांधलं. आपण त्यात शिरायचं, त्याचं सामान इकडचं तिकडे करायचं आणि वर दारावर आपली पाटी लावायची, ही कसली रीत? हिंमत असेल तर आपलं घर बांधा. हे मी तुला पत्रांतून, फोनवरून, तुझ्या मुलाच्या लग्नात बिर्याणीची पंगत बसलेली असताना सांगितलं. तुझं उत्तर ठरलेलं. "घर तेंचां, माका मान्य आसा. पण पेटी कोणी उचलल्यान?"

गंमत म्हणजे तू त्या नव्यांनाही सोडत नव्हतीस. ते मला आवडायचं, पण मी कबूल करत नसे. तू म्हणायचीस, ह्यांना मोलकरीण हवी, खलाशी हवा, पण तो यांच्या पुस्तकात पानंच्या पानं विचार करतो, त्याला भूक कधी लागत नाही. कुणी त्याला जेवलास का म्हणून विचारत नाही. जुन्याने त्याला एका ओळीत घालवला, नव्याने त्याला प्रोफेसर केला. दोघांनाही तो माणूस नकोच होता. तुझी ही टीका छापून आली असती, हमिदा, तर मोठमोठे समीक्षक तुझ्या दारात आंबे मागायला आले असते.

आणि एक गोष्ट तुला सांगायची राहून गेली. निवृत्तीनंतर मी शालीची कादंबरी पहिल्यांदा सबंध वाचली. हो, तेव्हा! इतकी वर्षं मुलांना शिकवून झाल्यावर! त्या ओळीपाशी आले आणि पुढे जाता येईना. खलाशी पेटी ठेवतो, खोकतो, जातो. मला वाटलं, अरे, ह्याला पाणी तरी द्या. दिवाणखान्यातली माणसं शालीबद्दल बोलत होती आणि मला त्यांचं बोलणं ऐकूच येईना. मी त्या मागच्या दाराकडे बघत बसले. म्हणजे ते घर तू माझ्यासाठी पार मोडून ठेवलं होतंस. किंवा तोवर मी ज्या खोलीत कधी गेलेच नव्हते ती उघडली होतीस. हे तुला सांगितलं असतं तर भांडण संपलं असतं. भांडण संपलं तर तू फोन कशाला करशील, म्हणून मी गप्प बसले.

यंदा तू आजारी पडलीस. डोळे आधीच गेल्यासारखे होते, आता अंगातली ताकद गेली. आणि नेमकं तेव्हाच सईने पुस्तक पाठवलं. शालीची कादंबरीच, पण त्या खलाशाची. कुणा इंग्रज बाईने लिहिलेली. सईने आत लिहिलं होतं, दोन्ही आज्यांसाठी, भांडायला. मी पिशवी भरली आणि विजयदुर्गला तुझ्याकडे येऊन राहिले. निवृत्तीनंतर तू मुला-सुनेबरोबर आजीच्या त्या जुन्या घरातच राहायला आली होतीस.

ते दिवस चांगले होते गं. असं म्हणू नये, पण होते. दुपारची जेवणं झाली की मी खाटेशेजारी खुर्ची ओढायचे आणि माझ्या त्या शाळामास्तरणीच्या इंग्रजीत वाचायला लागायचे. तुझी सून नसरीन मधूनच पेज घेऊन यायची आणि म्हणायची, मावशी, तुम्ही दोघी हसताय की भांडताय तेच कळत नाही. तू डोळे मिटून ऐकायचीस. मला वाटायचं झोपलीस, पान उलटायला जरा वेळ लावला की म्हणायचीस, वाच. ह्या बाईने त्या माणसाला भूक दिली होती. तो गोदीतल्या खानावळीबाहेर उभा राहतो आणि आतल्या मटणाचा वास घेतो, ते तू दोनदा वाचायला लावलंस. म्हणालीस, हां, हिला काहीतरी कळलं आहे.

तो माणूस इंग्लंडात फिरत राहतो, पोट जाळत राहतो, आणि शेवटी त्याला घरी जाणाऱ्या जहाजावर जागा मिळते. आपण तिथवर आलो. तुझा श्वास तेव्हा लागायला लागला होता. थोडीच पानं राहिली होती. मी सकाळी, तू उठायच्या आधी, ती पुढे वाचून काढली. परीक्षेत कधी केला नाही तो अभ्यास तुझ्यासाठी केला. आणि शेवट वाचून मला त्या बाईचा असा राग आला, की समोर असती तर तिला खाडीत ढकलली असती. कारण तो घरी पोचतच नाही. बुडतही नाही. ती बाई त्याला मध्येच सोडते.

हे मी तुला वाचून दाखवू? तुला? त्या पडवीपासून चार पावलांवर?

म्हणून त्या दुपारी मी शेवट बनवला. आयुष्यभर दुसऱ्याच्या घरातलं सामान हलवू नका म्हणून ओरडणारी मी, पुस्तक समोर धरून, पानावर नसलेलं इंग्रजी वाचायला लागले. मोठी मोठी वाक्यं केली, मध्ये मध्ये जुने शब्द पेरले, अगदी त्या बाईसारखा सूर लावला. जहाज बंदराला लागलं. तो उतरला. चढण चढून वर आला. पडवीत कुणीतरी उठून उभं राहिलं. आणि चुलीवर बांगड्याचं तिखलं शिजत होतं, त्यात घातलेल्या तिरफळांचा वास त्याला दारातच आला.

तू डोळे उघडलेस.

"मालू, त्या बायेक लंडनात बसान तिरफळां खंयसून गावली गो?"

मी म्हटलं, हल्ली तिथे सगळं मिळतं. तू हसायला लागलीस. हसता हसता खोकला आला, मी तुला उठवून पाठीला टेकू दिला, नसरीन धावत आली, पाणी झालं, औषध झालं. नसरीन आत गेल्यावर तू माझा हात धरलास. तुझ्या हाताला वजनच नव्हतं.

"आता पानावर आसा तां वाच."

मी म्हटलं, उद्या वाचते, आज दमलीस. तू म्हणालीस, "बरां नाय आसा मां? नसांदे. माका तांच व्हया." मी म्हटलं, तूच म्हणतेस? जन्मभर शेवट बदलत आलीस ती?

तेव्हा तू जे बोललीस ते मी जसंच्या तसं लिहिते आहे. "आमच्या आजीक सगळ्यांनी बरां बरां सांगल्यानी. मीव सांगलंय. येक जरी माणूस म्हणालो असतो, माका ठावक नाय, तर ती पडवीतसून उठली असती."

मी म्हटलं, उद्या. नक्की उद्या.

सकाळी नसरीनने मला हाक मारली तेव्हा तू गेली होतीस. शांत होतीस म्हणतात तशीच होतीस. घर बायकांनी भरलं, कुणी कुराण पढायला बसलं, कुणी रडत होतं. मी तुझ्या पायाशी बसले होते आणि ते पुस्तक माझ्या मांडीवर होतं. तेव्हासुद्धा मनात आलं, आता वाचावं का? कानात सांगावं का? पण इतक्या बायकांत इंग्रजी वाचायला लागले असते तर त्यांना वाटलं असतं म्हातारीला वेड लागलं. पुरुष तुला घेऊन निघाले, मी पडवीपर्यंत आले. तुझ्या आजीची जागा रिकामी होती. मी तिथे बसले नाही. उभीच राहिले.

तू कुणाचा शेवट मागत होतीस, हे त्या दुपारी माझ्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. आलं होतं. म्हणूनच उद्या म्हटलं. तुला जपत होते असं मी नसरीनला सांगितलं, पण तुला काय सांगू? मी मला जपत होते. ते पान वाचून झालं असतं तर वाचायला काही उरलं नसतं, आणि मग त्या खुर्चीत बसून मी काय केलं असतं?

तर ऐक. आज पुस्तक समोर उघडं आहे. इंग्रजी ठेवून देते, मराठीत सांगते, पण घालत काही नाही आणि गाळत काही नाही.

रात्र सरते. समुद्रावर धुकं आहे. तो वरच्या फळ्यांवर पडून आहे. अंगावर पांघरूण नाही. उजाडताना त्याला काही पाखरं दिसतात, जमिनीच्या जवळ असतात तशी. तो शेजारी निजलेल्या माणसाला हलवून विचारतो, ही कुठली पाखरं? तो माणूस उठत नाही. पाखरं जहाजावरून फिरतात आणि धुक्यात जातात. तो ती गेली त्या बाजूला बघत बसतो. मग ती बाई लिहिते, इथपर्यंत मी त्याच्याबरोबर आले. त्याच्या घरी मी कधी गेलेली नाही. तिथली वाट मी कुणाकडून ऐकलेली नाही आणि ती मी रचणार नाही. तो पोचला की नाही, मला माहीत नाही.

संपलं. पुढे प्रकाशकाचा पत्ता आहे.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, ही बाई कामचुकार. आता तुला वाचून दाखवताना तसं वाटत नाही. इतक्या वर्षांत त्या खलाशाबद्दल खरं बोलणारी ती पहिलीच. तुझ्या पडवीत येऊन जेवून गेलेल्या त्या सगळ्या भल्या माणसांना जे म्हणता आलं नाही, ते ती म्हणाली. हे तुला ऐकायला मिळायला हवं होतं. मी मध्ये आले.

इकडे माझ्याकडेही आता माणसं येतात. शेजारच्या काकू म्हणाल्या, तुमची मैत्रीण पुण्यवान, थेट चांगल्या ठिकाणी गेली असणार. शाळेतल्या जुन्या बाई म्हणाल्या, ती वरून तुमच्याकडे बघते आहे. सई फोनवर म्हणाली, आजी, हमिदाआजी गोष्टींमधून राहील. सगळी चांगली बोलतात. मी सगळ्यांना चहा करते, आणि कप विसळताना विचार करते की यातलं मला काय ठाऊक आहे.

माका ठावक नाय, हमिदा. तू खंय गेलंस, कोणी तुका बस म्हणाला काय, थंय माझ्यासारखी कोणी कटकटी बाय गावली काय, कायच ठावक नाय.

आता उठते. आज दुपारपासून नुसती बसून आहे. घर झाडायचं राहिलं आहे, कोंबड्यांना दाणे टाकायचे आहेत, आणि सईला कळवायचं आहे की पुस्तक वाचून झालं.